सुईवरची म्हैस की आंबोणावरची?

दुभती म्हैस घेताना वेत, कास, सडं बघायला कुणी कुणाला शिकवत नाही. मी त्याआधी एकच विचारतो: पान्हा कशावर घालते, म्हणजे दूध कशानं खाली सोडते? आमच्या तासगाव भागात रेडकू दगावलेल्या म्हशी विक्रीला येतात, त्या दोन तऱ्हेच्या. एक ऑक्सिटोसिनच्या, म्हणजे पान्हा फोडणाऱ्या औषधाच्या सुईवर लागलेली; दुसरी आंबोणावर, म्हणजे धारेच्या वेळी पुढ्यात ठेवलेल्या खुराकावर. दोन्ही माझ्या दावणीला होत्या.

सुईची सोय नाकारण्यात अर्थ नाही. टोचलं की थोड्याच वेळात सडं तटतटतात आणि परका माणूसही धार काढू शकतो. दूध वाढतं म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. कासेत साठलेलंच खाली उतरतं. आंबोणावरच्या म्हशीचे नखरे फार. सरकी पेंडीचं घमेलं पुढ्यात हवं, कास कोमट पाण्यानं धुवायची, हात ओळखीचा हवा. शेजारी लग्नाचा बँड वाजला की दूध चोरलंच.

तरी मला नडली ती बाटली. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन एकेका डोसाच्या ब्लिस्टर पॅकमध्येच विकायचं, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, असा नियम आहे. गोठ्यात येते ती बिनलेबलची प्लास्टिकची बाटली, कुणाच्या तरी पिशवीतून. ती संपली त्या संध्याकाळी म्हैस ढिम्म. कास दगडासारखी, हात लावला की लाथ, आणि संकलन केंद्र बंद व्हायची वेळ. दुकानदार चिठ्ठी मागतो, डॉक्टर रोजच्या धारेसाठी ती देत नाहीत, आणि दोघांचंही बरोबरच आहे. जनावराला अपाय होईल अशा रीतीनं दुधासाठी सुई टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे.

औषधावर सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. केंद्रानं २०१८ मध्ये खासगी कंपन्यांचं उत्पादन थांबवायचं ठरवलं, ते दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच डिसेंबरात रद्द केलं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. आवळायची ती बिनलेबलची बाटली.

ज्यांच्या घरी धारेला ठरलेलं माणूसच नाही, त्यांचं गणित वेगळं असेल. मी तरी दोन-चार हजार जास्त देऊन आंबोणावरची घेईन. सौद्याआधी संध्याकाळची धार स्वतः काढून बघा, आणि म्हशीच्या मानेवर, मांडीवर टोचल्याच्या गाठी लागतात का, ते हातानं चाचपा.