एकरकमी, महिन्याला की वस्तूरूपात? पोटापुरती शेती करणाऱ्या घराला मदत देण्याआधी

निधी जमला आहे, कुटुंबंही ठरली आहेत. आता पैसे एकदम द्यायचे, महिन्याच्या महिन्याला द्यायचे, की पैशांऐवजी शेळ्या-कोंबड्या, बियाणं, खत द्यायचं, एवढ्यावर अडलं आहे. अशा ठिकाणी अडलेल्यांसाठी ही तुलना.

एक शंका आधी निकालात काढू, कारण बैठकीत ती हमखास निघते: रोख दिली तर दारूत जाईल. या प्रश्नावरचे 19 अभ्यास एकत्र तपासून झाले आहेत. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांत दिसलं नाही. अपवादाचं एखादं घर असेलच, पण अशा घराला शेळी दिली तरी ती विकायला त्याला कितीसा वेळ लागणार?

आता मुद्द्याचं. पिकवायचं तेच खायचं आणि उरलं तर थोडं विकायचं, अशा घराची अडचण नुसती गरिबीची नसते, ती वेळापत्रकाची असते. धान्य वर्षातून एकदा-दोनदा येतं, पोट रोजचं. सुगीला सगळेच विकायला काढतात तेव्हा भाव पडलेला असतो, पण देणी भागवायची असल्यामुळे विकावंच लागतं. पुढचं पीक हाती येण्याआधीचे दोन-तीन महिने कणगी रिकामी, आणि तेव्हा तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यायचं. ते घ्यायला पैसे नसतात म्हणून घरातली माणसं दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात. नेमकी त्याच दिवसांत स्वतःच्या शेतात खुरपणी व्हायला हवी असते. मजुरीने आजची चूल पेटते, पण घरच्या रानात तण माजतं आणि पुढची सुगी आधीच आखडलेली असते.

झांबियातल्या चिपाटा भागात संशोधकांनी याच टंचाईच्या दिवसांत कुटुंबांना छोटं कर्ज दिलं. ती माणसं दुसऱ्याकडे कमी राबली आणि स्वतःच्या शेतात जास्त. मजूर कमी झाल्यामुळे गावातली मजुरीही वाढली. हे कर्ज होतं, फेडायचं होतं. तरी एवढा फरक पडला. त्यामुळे ‘किती द्यायचे’ याच्याआधी ‘केव्हा द्यायचे’ हे ठरवावं असं माझं मत आहे. बहुतेक चर्चांत हा प्रश्न शेवटी येतो, किंवा येतच नाही.

एकरकमी की महिन्याला?

याचं थेट उत्तर केनियातून मिळतं. 2011 ते 2013 या काळात रारिएडा भागात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने गरीब घरांना मोबाइलवरून पैसे पाठवले. काहींना एकदम, काहींना नऊ महिन्यांत विभागून. कोणाला कसे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. एकदम मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या, महिन्याला मिळालेल्यांच्या घरी खाण्यापिण्याची निश्चिती जास्त आली. पैसे मिळालेल्यांपैकी अनेकांनी गवताचं छप्पर काढून पत्रे घातले. लांबून पाहणाऱ्याला ही हौस वाटेल. पण गवताचं छप्पर सारखं शाकारावं लागतं, दर वेळी पैसे आणि माणसं लागतात. पत्रे घातले की तो खर्च वर्षानुवर्षं टळतो. ती बचतच आहे, फक्त डब्यात न ठेवता डोक्यावर घातलेली.

(पैसे नवऱ्याच्या हाती द्यायचे की बायकोच्या, हाही प्रश्न तिथे तपासला होता. फारसा फरक आढळला नाही. मी तरी बाईच्या नावावर पाठवीन, पण ती माझी आवड झाली, पुरावा नव्हे.)

त्याच देशात पुढे मोठा प्रयोग झाला. 195 गावांचे तीन गट केले. एका गटातल्या प्रौढांना दिवसाला सुमारे 75 सेंट या हिशेबाने बारा वर्षं पैसे मिळणार, दुसऱ्यातल्यांना तेवढेच पण दोनच वर्षं, आणि तिसऱ्यातल्यांना दोन वर्षांची रक्कम एकदम. तुलनेसाठी आणखी 100 गावं ठेवली होती, ज्यांना काही मिळणार नव्हतं. एकरकमी पैसे मिळालेल्यांनी नवे धंदे काढण्यात चांगली मजल मारली. बारा वर्षांची खात्री मिळालेलेही पुढे गेले. दोन वर्षं महिन्याला मिळालेले या दोघांच्या मागे राहिले. बारा वर्षांवाल्यांनी केलं काय, तर आपापसांत भिशी लावली. महिन्याचे थेंब एकत्र करून आळीपाळीने मोठी रक्कम उचलली आणि कामाला लावली. पैसा पुढेही येत राहणार हे माहीत असलं की माणूस भिशीत शब्द देऊ शकतो. दोन वर्षांत बंद होणार म्हटल्यावर हात आखडतो.

आता गंमत पाहा: दोन वर्षं, महिन्याला ठरावीक रक्कम ही रचना संस्थांच्या अंदाजपत्रकात सगळ्यात सोयीची बसते. म्हणून ती निवडायची असेल, तर आपण आपल्या हिशेबासाठी निवडतो आहोत हे निदान मान्य करावं. घरात आजारी माणूस, लहान मुलं, किंवा काम करू न शकणारे म्हातारे असतील तर मात्र महिन्याचाच पैसा द्यावा. तिथे प्रश्न धंदा काढण्याचा नसून रोजच्या ताटाचा असतो.

रोख की शेळी?

शेळी दिल्याचा फोटो चांगला येतो. पण तिला चारा लागतो, पाणी लागतं, राखणारं माणूस लागतं, आणि ती मरू शकते. होंडुरासमध्ये एका मोठ्या कार्यक्रमात दिलेल्या कोंबड्यांपैकी पुष्कळ रोगाने मेल्या आणि घरांची मालमत्ता वाढायची तर राहोच, घटली. गंमत अशी की तो कार्यक्रम ज्या पद्धतीवर चालला होता, ती एकंदरीत यशस्वी ठरली. बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने 2002 मध्ये सुरू केलेली ती पद्धत सहा देशांत तपासली गेली आणि इतर बहुतेक ठिकाणी घरांची परिस्थिती सुधारली, तीही टिकाऊ. मात्र तिथे नुसतं जनावर दिलं नव्हतं. सोबत काही महिने खाण्याचा खर्च, सांभाळण्याचं शिक्षण आणि नियमित घरभेटी होत्या. तेवढी माणसं तुमच्याकडे असतील तर जनावर द्या. नसतील तर शेळीचे पैसे द्या. ज्या घराला शेळी हवी असेल ते स्वतः पारखून घेईल, आणि ज्याला सावकाराकडून गहाण जमीन सोडवायची असेल ते ती सोडवेल.

वस्तू द्यावी अशी परिस्थिती एकच मला पटते: बाजार लांब, व्यापारी मोजके, आणि भाव वर चाललेले. मेक्सिकोत काही खेड्यांना अन्नधान्य आणि काहींना रोख देऊन पाहिली तेव्हा धान्य मिळालेल्या गावांत अन्नाचे भाव उतरले, आणि हा परिणाम आडवळणाच्या गावांत जास्त दिसला. इथिओपियात 2008 च्या सुमारास धान्याचे भाव भडकले तेव्हा रोख घेणाऱ्यांची रक्कम हातातल्या हातात आटली आणि लोक धान्यच मागू लागले. म्हणून निर्णयाआधी जवळच्या बाजारात जाऊन धान्य मिळतं का, कितीला मिळतं आणि तीन महिन्यांपूर्वी कितीला होतं, हे विचारून या. ते काम अर्ध्या दिवसाचं आहे.

थोडं सगळ्यांना की पुरेसं थोड्यांना?

इथे भल्या माणसांचा घोळ होतो. रवांडामध्ये एका पोषण कार्यक्रमाचा जेवढा खर्च, तेवढीच रोख काही घरांना देऊन पाहिली. त्या छोट्या रकमेने मुलांच्या वाढीत काही हललं नाही. पाचशे डॉलरांहून मोठी रक्कम दिली तिथे आहार आणि मुलांची वाढ, दोन्ही सुधारली. रक्कम विभागून विभागून इतकी बारीक केली की ती उधारीतच विरते.

मोठी रक्कम गावात आली तर भाव भडकतील का? केनियातल्या सियाया भागात 653 गावांत हे पाहिलं. निवडलेल्या घरांना सुमारे हजार डॉलर दिले होते. भाव नाममात्र वाढले, आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक व्यवहारात जवळपास अडीच डॉलरांची भर पडली, कारण तो पैसा गावातल्याच दुकानदाराकडे, गवंड्याकडे, मजुराकडे फिरला. शेजाऱ्याचा हेवा मात्र आकड्यात सहज बसत नाही. निम्म्या घरांना देऊन निम्मी वगळायची वेळ आली तर त्यापेक्षा कमी गावं घेऊन पूर्ण गावाला द्या.

रोखीच्या मर्यादाही आहेत. युगांडाच्या उत्तर भागात तरुणांना दिलेल्या अनुदानाने चार वर्षांनी कमाई बरीच वाढलेली दिसली, पण नऊ वर्षांनी न मिळालेलेही जवळपास त्यांच्या बरोबरीला आले होते. घानाच्या उत्तरेत तर रोख अनुदानापेक्षा पावसाच्या विम्याने शेतकऱ्यांनी शेतीत जास्त गुंतवणूक केली. खिशात पैसे होते, पण पाऊस दगा देईल या भीतीने ते जमिनीत घालत नव्हते. तुमच्या भागात पाऊस बेभरवशाचा असेल तर निधीतला काही भाग विम्याच्या हप्त्याला राखून ठेवणं मला रोखीहूनही शहाणपणाचं वाटतं.

तर धडधाकट घरांसाठी माझी निवड अशी: रक्कम दोनच हप्त्यांत, दोन्ही बऱ्यापैकी मोठे. पहिला कणगी रिकामी होण्याच्या आधी, म्हणजे मजुरीला न जाता घरच्या रानात खुरपणी होईल. दुसरा सुगी निघता निघता, म्हणजे देणी भागवायला पडत्या भावात धान्य विकावं लागणार नाही. या दोन तारखा कार्यालयात बसून ठरवू नका, त्या घरांनाच विचारा. आणि ठरल्या की आधीच कळवा, कारण अमुक दिवशी पैसे येणार हे नक्की असेल तर त्या महिन्याची उचल व्याजाने घ्यायची वेळ येत नाही.