आयटीव्ही की रेसिंग टीव्ही? पैसे लावणाऱ्याच्या नजरेतून

ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यती बघायच्या तर १ जानेवारी २०१७ पासून फुकटातला मुख्य पर्याय म्हणजे आयटीव्ही. त्याआधी त्या चॅनल ४ वर असायच्या. त्यांचा निवेदक एड चेंबरलिन गप्पा छान रंगवतो आणि ग्रँड नॅशनलच्या दिवशी घरातली सगळी मंडळी टीव्हीसमोर बसतात. २०२४ पासून त्या शर्यतीत ४० ऐवजी जास्तीत जास्त ३४च घोडे धावतात. मला तो बदल पटला, पण मित्रांना अजून नाही.

माझी तक्रार वेळ कुठे जातो याबद्दल आहे. रॉयल अ‍ॅस्कॉट या जूनमधल्या शर्यतींना टोप्या, गाऊन, राजघराण्याच्या बग्ग्या! अहो, घोडा दाखवा की! ज्याचे पाच पौंड लागलेत त्याला पॅडॉक, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात ते आवार, बघायचा असतो. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आलाय का, घोडा मान झटकतोय की शांत चालतोय, मैदान किती ओलं आहे. तेवढ्यात जाहिरात लागते.

रेसिंग टीव्हीला दरमहा पैसे मोजावे लागतात. ही वाहिनी रेसकोर्सांच्याच मालकीची, त्यामुळे रेसकोर्सवर सडकून टीका तिथे फारशी होईल असं मला वाटत नाही. पण बुधवारची एखादी किरकोळ शर्यतही ते मनापासून दाखवतात, आणि समोरून घेतलेल्या रिप्लेत कोणाची वाट अडली ते स्पष्ट कळतं. मात्र अ‍ॅस्कॉट त्यांच्याकडे नाही, ते स्काय स्पोर्ट्स रेसिंगकडे.

मी हिवाळ्यात रेसिंग टीव्ही घेतो, चेल्टनहॅमच्या आणि ग्रँड नॅशनल जिथे होते त्या एंट्रीच्या (Aintree) शर्यती झाल्या की बंद करतो. जूनमध्ये टोप्या बघायला आयटीव्ही आहेच.