एशियाडचं गोल्फ, फोनवरच्या लाइव्ह स्कोअरवर: पाचपैकी तीन स्टार

आधीच सांगतो, मी पुण्यात कॅडी आहे. बावीस वर्षं लोकांच्या बॅगा उचलतोय. त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा कुरकुऱ्या वाटला तर चालवून घ्या. वेबसाइटचं नाव घेत नाही, ज्यांनी वापरली त्यांना कळेलच.

२८ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊत एशियाडचं गोल्फ सुरू झालं आणि इकडे त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. अख्खा पहिला राउंड मी लक्ष्मी रोडवर, ढोलांच्या मधोमध, पोराला खांद्यावर घेऊन फोनवर पाहिला. त्या गर्दीत नेटवर्कचा पत्ता नसताना हे पान तेवढं उघडत होतं. व्हिडिओ नाही, फोटो नाही, नुसते आकडे. हलकं पान. एक स्टार तिथेच दिला.

आता नावं. आडनाव आधी, तेही मोठ्या अक्षरात, त्यामुळे यादीत दिसतं ‘अशोक अदिती’. आमच्या एका मेंबर साहेबांनी मला विचारलं, “हा अशोक कोण रे?” म्हटलं साहेब, अशोक तिचे वडील. ती बंगळुरूची अदिती, टोकियो ऑलिंपिकला चौथी आली होती ती. टोकियोला तिची बॅग तिच्या आईने उचलली होती, हे आम्हा कॅडी लोकांना चांगलं पाठ आहे. आणि माझी मुख्य तक्रार हीच. खेळाडूचं नाव, झेंडा, प्रत्येक होलचा स्कोअर, सगळं आहे. बॅग कोण उचलतंय, ते कुठेच नाही. एक ओळ टाकायला काय जातं?

बाकी आकडे मात्र बरोबर आणि वेळेत. बर्डीला (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) गोल, बोगीला (एक जास्त) चौकट. अदितीचे पहिले दोन राउंड ६७, ६६ फटक्यांचे, आणि गोल्फमध्ये आकडा कमी तेवढा चांगला. शनिवारी ६१. पार ७२ च्या, म्हणजे बहात्तर फटके ठरलेल्या कोर्सवर ६१! त्या दिवशीचं कार्ड उघडलं तर गोलच गोल, पोराने पाटीवर शून्यं गिरवावीत तसे. सात स्ट्रोकची, म्हणजे फटक्यांची, लीड. कॅडींच्या शेडमध्ये आम्ही त्यावर चहा पाजला एकमेकांना.

रविवार, १ ऑक्टोबर. रविवारी क्लबात श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि कोर्सवर फोन काढलेला साहेबांना चालत नाही. ते बॉलपाशी उभे राहून प्रॅक्टिस स्विंग घेतात, ते नेहमीच चार-पाच घेतात, तेवढ्यात मी झाडामागे जाऊन पान रिफ्रेश करायचो. रिफ्रेश केलं की पान पुन्हा सगळ्यात वर. मग अंगठ्याने खाली सरकवत बसा. शिवाय वर पुरुषांची यादी, महिलांची खाली. घाईत असलेल्या माणसाचा कोणी विचारच केलेला नाही.

एक चौकट दिसली. म्हटलं होतं असं. मग दुसरी. पुढे कधीतरी चौकटीत चौकट, म्हणजे डबल बोगी, दोन फटके जास्त. बॉल पाण्यात गेला, झाडीत गेला, की पट (ग्रीनवरचा हलका फटका) वाकडा पडला, पानाला काही देणंघेणं नाही. मला मात्र दिसत होतं. लीड असताना हात कसे आखडतात आणि क्लब कसा एक नंबर कमी निवडला जातो, ते मी बॅगेच्या बाजूने किती वेळा पाहिलंय. अशा वेळी कोणीतरी शेजारी उभं राहून “पाणी पी” म्हणावं लागतं. दिवसभरात चार बोगी, एक डबल, बर्डी एकच. ७७. थायलंडची अर्पिचाया युबोल ६८ खेळली आणि दोन स्ट्रोकने पुढे गेली.

टीमचा निकाल वेगळ्या पानावर लपवलाय, तो शोधायलाच एक होल गेला. महिलांच्या टीमचे रोज तिघींतले चांगले दोन स्कोअर धरतात, पुरुषांचे चौघांतले तीन, हे समजावणारी ओळही नाही. पुरुषांत हाँगकाँगच्या ताइची खोने कोरियाच्या इम सुंग-जेला एका स्ट्रोकने मागे टाकलं. पण टीमचं गोल्ड कोरियाकडे, आणि त्या गोल्डमुळे इमची सक्तीची लष्करी नोकरी वाचली. पानावर त्याच्या नावापुढे नुसता चांदीचा ठिपका. हे मला संध्याकाळी दुसरीकडे वाचून कळलं.

तर तीन स्टार. हलकं आहे आणि चुकत नाही. एक स्टार त्या वर-खालीमुळे कापला, एक कॅडीच्या नावासाठी.

अदितीचा शेवटचा होल झाला तेव्हा आम्ही ग्रीनवर होतो. सहा फुटांचा पट. साहेबांनी विचारलं, मी उजवा ब्रेक, म्हणजे बॉल उजवीकडे वळेल असं, सांगितलं, बॉल सरळ डावीकडे निघून गेला. साहेब माझ्याकडे बघतच राहिले.

“काय झालं रे तुला?”

“सिल्व्हर, साहेब.”