टीएमटी उत्तम, फोनवरची पूर्वसूचना अपुरी: कोथरूडमधील एका निदान केंद्राचा अनुभव

जिना चढताना छातीत जडपणा जाणवू लागल्यामुळे डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासणारी, बोलीभाषेतील टीएमटी, करून घ्यायला सांगितली आणि मी कोथरूडमधील एका निदान केंद्रात सकाळची वेळ ठरवली. फोनवर "हलकं खाऊन या" एवढेच सांगण्यात आले. वास्तविक चाचणीपूर्वी दोन-तीन तास जड खाणे, चहा-कॉफी आणि धूम्रपान टाळायचे असते, आणि नाडीचा वेग रोखणाऱ्या बीटा ब्लॉकरसारख्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाहीत, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे लागते. मी चहा पिऊन आणि कोल्हापुरी चपला घालून पोहोचलो, तेव्हा मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. या हेलपाट्याचा दोष स्वागतकक्षाचा. चपलांचा अर्थातच माझा.

दुसऱ्या दिवशीचे काम मात्र चोख होते. तंत्रज्ञाने छातीवरचे केस लागतील तेवढेच काढले, कातडी पुसून दहा इलेक्ट्रोड चिकटवले आणि उभ्याने ईसीजी व रक्तदाब नोंदवला. ब्रूस नावाच्या या चाचणीच्या ठरावीक पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात, ताशी २.७ किलोमीटर व १० टक्के चढापासून सुरू झालेली ही चाल तिसऱ्या टप्प्यात सुमारे ५.५ किलोमीटर व १४ टक्क्यांवर जाते. एके काळी रोज पर्वती चढत असल्याचा माझा तोरा तिथेच उतरला. "काका, दांडीला लोंबकळू नका, बोटं नुसती टेकवा," असे तंत्रज्ञ दोनदा म्हणाला, कारण दांडीवर भार टाकला की क्षमता आहे त्याहून जास्त दिसते. माझे वय ५४. २२० मधून ते वजा करून उरलेल्याचे ८५ टक्के, म्हणजे मिनिटाला १४१ ठोके, हे माझे लक्ष्य होते. ते गाठल्यावर पट्टा हळूहळू थांबवला, पण काही बदल विश्रांतीतच दिसतात म्हणून पुढची काही मिनिटेही ईसीजी चालू ठेवला. डॉक्टर शेवटपर्यंत खोलीत होते, आणि माझ्या लेखी या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच.

अहवाल निगेटिव्ह आला, तरी धमन्यांत अडथळा नाहीच असे त्यावरून म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी न विचारता समजावले. तेवढी तसदी फोन घेणाऱ्यांनीही घेतली असती, तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते, सध्या चार.