श्वानदंश कक्ष: सुई चोख, नळ कोरडा

गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावातील शासकीय रुग्णालयाच्या श्वानदंश कक्षात या उन्हाळ्यात मला चार वेळा जावे लागले, आणि तेही कुत्र्याचा मालक म्हणून. आमच्या शेतातल्या आखाड्यावरचा कुत्रा भाकरी खात असताना सालगड्याच्या नऊ वर्षांच्या मुलाने त्याच्यापुढची जर्मनची थाळी ओढली आणि कुत्र्याने त्याची पोटरी धरली. खाणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नये, हे मुलाला सांगायला हवे होते ते मी. आणि दिवसभर साखळीला जखडलेले जनावर चिडके होते, हे ठाऊक असूनही त्याला तसे ठेवणारा तोही मीच.

कक्षातील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जखम धुतली का, हा. धुतली नव्हती, उलट मुलाच्या आईने तीत तिखट भरले होते. लाळेतून आलेला विषाणू नसांच्या वाटेने मेंदूकडे निघण्याआधीच त्याला हटवायचे असते, म्हणून साबण आणि वाहते पाणी यांनी 15 मिनिटे जखम धुणे हा रेबीजविरुद्धचा पहिला उपचार आहे, आणि नेमक्या याच उपचारासाठी या कक्षात सोय नाही. बेसिनच्या नळाला कापड गुंडाळलेले होते. गावालाच आठव्या दिवशी पाणी येते, तेव्हा त्यात नवल नाही. पण औषधांच्या कपाटाला कुलूप आहे, फ्रीजला तापमानाची नोंदवही आहे आणि पाण्यासाठी मात्र एक बादली आणि एक मग. सिस्टर खाली बसल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मगामगाने पाणी ओतत राहिल्या, आणि तिखटाने लाल झालेले पाणी फरशीवरून मोरीकडे जात असताना मुलगा एकदाही रडला नाही. माणसे चांगली असल्यामुळे निभावले, एवढेच म्हणता येईल.

पुढचे काम मात्र निर्दोष झाले. दात कातडीच्या आत गेलेले असल्यामुळे जखम तिसऱ्या श्रेणीत धरली गेली, म्हणजे लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे सीरमही, आवश्यक ठरले. मुलाला काट्यावर उभे केले. वजन 24 किलो भरले. घोड्यापासून बनवलेल्या सीरमचे प्रमाण किलोमागे 40 युनिट, म्हणजे 960 युनिट, असा हिशेब डॉक्टरांनी केसपेपरच्या कडेला मांडला आणि ते औषध जखमेच्या आत व भोवताली टोचले. हे टोचणे वेदनादायक असते आणि तेव्हा मात्र मुलाने रुग्णालय डोक्यावर घेतले. टाके घालायचे नाहीत असे ठरल्यावर सालगड्याला ती हयगय वाटली. प्रत्यक्षात अशी जखम शक्यतो लगेच शिवत नाहीत, ही गोष्ट डॉक्टरांनी न वैतागता समजावून सांगितली.

‘‘मालक, पोटात चवदा सुया देतेत म्हणं, खरं का?’’ असे मुलाच्या आईने मला दबक्या आवाजात विचारले. ती जुनी लस आपल्याकडे 2005 च्या सुमारास कायमची बंद झाली. आता दोन्ही दंडांवर कातडीत 0.1 मिलिलिटर लस देतात. तीही पहिल्या, म्हणजे शून्याव्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. केसपेपरपासून सीरमपर्यंत एक रुपयाही लागला नाही.

तक्रार आणखी एक आहे. तिसऱ्या दिवशी ‘‘दोन पेशंट येऊ द्या, मग वायल फोडू’’ म्हणून आम्हाला दीड तास बसवले. फोडलेली वायल, म्हणजे लसीची कुपी, त्याच दिवशी काही तासांत संपवावी लागते आणि एकीत अनेकांचे डोस निघतात, हे मान्य. तरीही रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला निश्चित वेळ का सांगू नये? सकाळी दहाच्या आत गेल्यास गर्दी असते आणि म्हणूनच काम लवकर होते, असा उलटा अनुभव पुढच्या दोन खेपांना आला.

नोंदवहीचा प्रसंगही सांगायला हवा. कुत्रा पाळीव की मोकाट, या रकान्यात लिपिकाने न विचारताच ‘मोकाट’ लिहिले. मी म्हणालो, ‘‘पाळीव. माझाच आहे.’’ त्यांनी वर पाहिले, खोडले आणि ‘‘असं कुणी सांगत नसतं, काका,’’ असे म्हणाले. न सांगण्याचे कारण उघड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवणारा धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. पण कुत्रा कोणाचा हे कळल्याशिवाय त्याला बांधून दहा दिवस नजरेखाली कसे ठेवणार? आमचा कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट राहिला, म्हणजे चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. तोवर उपचार थांबवायचे नसतात आणि ते थांबवलेही नाहीत. कुत्र्याच्या लसीचे कार्ड मात्र मला लपवावेसे वाटले, कारण वार्षिक डोस चौदा महिन्यांपूर्वीचा होता. सालगड्याची चार दिवसांची मजुरी आणि जीपचे भाडे मी दिले. ते उपकारात मोडत नाही.

कक्षाला पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे मला वाटते, आणि कापलेला दीड गुण बहुतांशी पाण्याचा आहे. इथे येणाऱ्याने घरूनच जखम पूर्ण 15 मिनिटे धुऊन निघावे. अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा सिस्टर दुसऱ्याच एका बाईचा हात बादलीवर धरून मगाने पाणी ओतत होत्या.