आठ महिने वापरून: नऊ पॉकेटचा कार्ड अल्बम आणि भुसावळचा मे महिना

सप्टेंबरात हा अल्बम आला तेव्हा चार स्टार देऊन मोकळा झालो होतो. आज ते मागे घेतोय, एकच ठेवतोय. कव्हर जाड आहे, रिंगा घट्ट मिटतात, हे अजूनही खरं. पण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी स्टिकर बाहेर काढायला गेलो, तर मॅराडोना निघायलाच तयार नाही. जोर लावल्यावर सुटला खरा, पण गालाची चकाकी प्लास्टिकवर ठेवून आला.

स्टिकर पॅनिनी या इटालियन स्टिकर कंपनीचा, १९९० च्या इटलीतल्या फुटबॉल वर्ल्ड कपचा. मामा तेव्हा मस्कतला होते, त्यांनी पाकिटं आणली होती. बाकीचे मी कपाटाच्या दारावर चिकटवून टाकले (बाबांचा मार खाल्ला, तो वेगळा). हा एकच मागचा कागद न काढता वहीत राहिला होता. स्टिकरचा सगळा खेळ तिथेच असतो. पॅनिनीने १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून हे अल्बम काढले आणि जगभरच्या पोरांनी स्टिकर सोलून चिकटवले. न सोललेले म्हणून मोलाचे. माझा काही लाखातला नव्हे, १९९० चा माल भरपूर छापला गेलाय. लोक शोधतात तो मॅराडोना पॅनिनीच्याच १९७९ च्या कॅल्चिआतोरी या इटालियन लीगच्या मालिकेतला, ३१२ नंबरचा. पेलेचं म्हणाल तर १९५८ चं स्वीडनचं अलिफाबोलागेट कंपनीचं कार्ड, नंबर ६३५. ती आपल्या वाटेला येणारी कार्डं नाहीत.

पण हिशोब सगळीकडे एकच. पीएसएसारख्या कार्डं तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्या एक ते दहा गुण देतात, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे का ते बघतात. तेच कार्ड, तोच खेळाडू, पण पृष्ठभागावर डाग पडला की किंमत कुठल्या कुठे जाते. म्हणजे पंचवीस वर्षांनी काय हाती येईल ते मॅराडोनाइतकंच या प्लास्टिकच्या पानावर ठरतं. आणि त्या पानाचा विचार मी १,१५० रुपये देताना पाच मिनिटंसुद्धा केला नव्हता.

पाकिटावर लिहिलं होतं ‘पीव्हीसी-मुक्त’. वास मात्र पहिल्या दिवसापासून येत होता, नव्या रेनकोटसारखा. मी म्हटलं, नवीन आहे, जाईल. तो गेला नाही.

कस्टमर केअरला फोन केला. सात दिवसांत परत करायला हवं होतं म्हणे. मग त्या मुलीने सल्ला दिला, ‘सर, प्रॉडक्ट थंड आणि कोरड्या जागी ठेवा.’ ताई, मी भुसावळला राहतो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. थंड जागा हवी तर कूलर लावावा लागतो, आणि कूलर लावला की जागा कोरडी राहत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर अल्बमसाठी एसी घ्यावा लागेल. हे मी तिला सांगितलं. तिने तक्रार क्रमांक दिला.

मग साडू आले, पारोळ्याचे. ते जळगावला चटईच्या कारखान्यात आहेत. आमच्याकडच्या प्लास्टिकच्या चटया पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे पीपीच्या, त्यामुळे माणसाचा हात त्यातच बसलेला. पान नाकाला लावलं आणि म्हणाले, ‘हाई पीपी नही शे, भाऊ. पानीमा टाकी दखा.’ स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला (नाहीतर पातळ तुकडा उगाच तरंगतो), कोपऱ्याचा तुकडा बोटाने खाली दाबला आणि सोडला. तळाला बसला. पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, वर यायला हवं होतं. पण चांगल्या पानांचं पॉलिएस्टरही बुडतं, म्हणून त्यांनी तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, पानाला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी. हिरवी म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. (हे अंगणात करा, धूर वाईट असतो.)

केळीच्या बागेतला पाइपही पीव्हीसीचाच, मग तो का चिकटत नाही? तर तो कडक असतो. पान मऊ करायला त्यात तेलकट प्लास्टिसायझर घालतात. उन्हाळ्यात ते बाहेर पाझरतं आणि गुळगुळीत छपाईला धरून बसतं.

गंमत पुढे आहे. याच अल्बमात बाबांची ३४ सिगारेट कार्डंही होती, पूर्वी सिगारेटच्या पाकिटात मिळायची ती. बाबा लोको शेडला होते. शेजारचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा बिस्किटाचा पत्र्याचा डबा देऊन गेले. विल्सची असोसिएशन फुटबॉलर्स मालिका, १९३९ ची. पूर्ण मालिका ५० ची, आमच्याकडे ३४. ही कार्डं अरुंद, नऊ पॉकेटच्या खणात खुळखुळतात. त्यांना काही झालं नाही. त्यांचा कागद तसा चकचकीत नाही, नशीब. किंमत विचाराल तर साध्या खेळाडूचं कार्ड इंग्लंडमध्ये थोड्याशा पौंडांत मिळतं, तेव्हा बेसुमार छापली होती. बायको म्हणते, ‘अहो, जळगाव हाकेच्या अंतरावर, तेवढ्यात सोनं घेतलं असतं तर?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. सोनं ग्लासात टाकून बघावं लागत नाही, हेही खरं.

भर (जून अखेर): हिरव्या ज्योतीचा व्हिडिओ पाठवला. दोन आठवडे काही नाही, मग एकदम नवी दहा पानं आली, फुकट. प्रत्येक पानाचा कोपरा कापून ग्लासात टाकला. दहाही तरंगली! वासही नाही. म्हणून एकाचे अडीच स्टार करतो. अर्धा इथे देता येत नाही, दोनच समजा. तीन देणार होतो, पण नव्या पाकिटावरचा मजकूर जुन्यासारखाच आहे, शब्दन् शब्द. म्हणजे तुम्हाला यातलं कुठलं पान मिळेल ते पाकीट वाचून कळणार नाही. आणि मॅराडोनाबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

अल्बम ठेवलाय, पैसे गेलेत तर वापरायचाच. त्यात आता भाच्याची मॅच अटॅक्स नावाची नवी फुटबॉल कार्डं आहेत. बाबांची ३४ मात्र परत बिस्किटाच्या डब्यात घातली. भुसावळचे इतके उन्हाळे त्यांनी तिथेच काढलेत.