फुंशालमध्ये फादो ऐकत जेवायचं तर

पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या या शहरात, रुआ द सांता मारिया या रस्त्यावर फादो, म्हणजे हुरहुर लावणारं पोर्तुगीज गाणं, ऐकत जेवण जरूर घ्यावं, पण मागवण्याचा क्रम सांभाळून. गाणं सुरू झालं की दिवे मंदावतात, गप्पा थांबतात, वाढपीही थबकतात. एस्पेतादा म्हणजे लसूण, जाडं मीठ आणि लॉरेलची (तमालपत्रासारखी) पानं लावून निखाऱ्यावर भाजलेलं गोमांस. ते गाण्याआधीच मागवून गरम खा, निवलं की चिवट होतं. गोमांस नको असेल तर तळलेल्या केळ्यासोबतचा एस्पादा, खोल समुद्रातला काळा, मऊसूत मासा. न मागता आलेला पाव आणि ऑलिव्ह बहुधा बिलात लागतात. नको तर हात न लावता परत पाठवा. जागा मात्र 12 तारांच्या पोर्तुगीज गिटारजवळचीच मागा, तिची थरथर लांबून हरवते. फादो मूळचा लिस्बनचा. बेटाचं स्वतःचं वाद्य चार तारांची ब्रागिन्या, तीही ऐकाच.